मापाचं टेबल

पुलाच्या निम्म्यावर आलो, तेव्हा लक्षात आलं की माझा धाकटा भाऊ पुन्हा मागे राहिलाय. बस बंद पडली म्हणून आम्ही दोघं पायीच घराकडे निघालो होतो, आणि एवढ्यात ही तिसरी वेळ.

"अरे, बरोबरीनं चाल की! मी काय पळून चाललेय का?"

"तू हो पुढे, ताई. मी आहे."

त्याचं हे 'मी आहे' मी अडतीस वर्षं ऐकतेय. असतो कुठे, ते देवालाच माहीत.

मला चालायचा मुळातच कंटाळा. लहानपणच्या दुखण्यात माझा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. जाड तळाचा बूट घालते, पण अर्ध्या तासात कंबर भरून येते. तरी त्या दिवशी निघाले, कारण सकाळीच भावजयीचा फोन आला होता. "ताई, तुम्हीच चार शब्द ऐकवा त्यांना. शनिवारपर्यंत टेबल सांगितलं नाही, तर घरी बसायला लागणार आहे. आणि हे शांतपणे चहा पितायत हो! माझं तर डोकं फिरायची वेळ आलीय."

'टेबल' म्हणजे काय ते सांगायला हवं. माझा भाऊ आधी छापखान्यात होता. अकरा वर्षं एकाच यंत्रावर, कागदांना घड्या घालायच्या. ते यंत्र भंगारात गेलं आणि त्याच आठवड्यात हाही बाहेर. दुसऱ्या छापखान्यात विचारलं, आणखी काय येतं? हा म्हणाला, घडी. त्यांनी पाणी पाजून परत पाठवला. त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. नंतर वर्षभराने एका रुग्णालयाच्या कारखान्यात लागला. तिथे वाकड्या, आखूड किंवा नसलेल्या पायांसाठी बूट, पट्टे, कृत्रिम पाय करतात. पाच टेबलं. पहिल्यावर माप, दुसऱ्यावर साचा, मग चामडं, मग सांधे, शेवटी माणसाला चालवून बघायचं. तिथली रीत अशी की, नव्या माणसाने पहिले सहा महिने वाटेल त्या टेबलावर बसावं, सगळीकडे हात घालावा, आणि मग एक टेबल सांगावं. सांगितलं की ते त्याचं, कायमचं.

बाकीचे दोन महिन्यांत सांगून मोकळे होतात. बहुतेकांना सांधे हवे असतात, त्याला मान आहे. आमच्या बंधुराजांना आठ महिने झाले. पाची टेबलांच्या दोन फेऱ्या झाल्या. तिथे सगळे त्याला 'पाहुणा' म्हणतात. सकाळी दारातच विचारतात, "काय पाहुणे, आज मुक्काम कुठे?" आणि हा हसतो! माझ्या जिवाचा संताप होतो.

पूल संपला तसं मी तोंड उघडलं. "हे बघ, धरसोड पुरे आता. तुझ्या मागून आलेला तो चष्मेवाला चामड्यावर बसला, त्याला बढतीही मिळाली. तू अजून आपला दारोदार."

"चामडं चांगलंच आहे," तो मागूनच म्हणाला. "पण बूट चावला की चामडंवाले साच्यावर ढकलतात, साचेवाले चामड्यावर. चामड्यावरच बसलो असतो तर मीही साच्याच्या नावाने बोटं मोडली असती."

"मग साच्यावर बस!"

"बसलो की. दोनदा. साचा मापाप्रमाणे बरोबर असतो गं."

मी थांबले. कंबर बोलायला लागली होती, शिवाय मनातल्या मनात देवाचं नाव घेऊनही राग उतरत नव्हता. रस्त्याकडेच्या कठड्याला टेकले. "एकदाचं सांग. कोणतं टेबल? तुझी बायको रडकुंडीला आलीय."

"माप," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. मापाचं टेबल म्हणजे अगदी दाराशी. नवा माणूस आला की पहिले चार दिवस तिथे बसवतात, कारण तिथे काही बिघडत नाही असं सगळे मानतात. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, झालं. तिथे कायमचा माणूस कधी नव्हताच.

"आठ महिने हिंडून शेवटी उंबऱ्यातच? अरे, पहिल्या दिवशीच बसला होतास ना तिथे!"

"बसलो होतो. तेव्हा काय कळत होतं? पेन्सिल फिरवली नि उठलो. शेवटच्या टेबलावर माणसं चालताना बघितली तेव्हा कळलं. कुणी लंगडतंय, कुणाला चावतंय. मागे मागे जात शोधलं, तर सगळी माणसं मापाला बसलेली. स्टुलावर. लाज वाटते, नाहीतर दमलेली असतात, आपण म्हणतो बसा. बसलेल्या पायावर वजन नसतं, ताई. उभं राहिलं की तो पसरतो, कलतो, टाच खाली जाते. माप एका पायाचं नि चालायला दुसराच."

"हे उस्तादांना सांगितलंस?" उस्ताद म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर, सत्तरीचे, जिभेने तिखट.

"सांगितलं. म्हणाले, पाहुणे, पेन्सिल फिरवायला मी कायमचा माणूस ठेवत नाही. दाखवून दे. बसलेल्या मापाचा बूट घालून वर्षानुवर्षं चालणारा एक माणूस आण, उभं करून माप घे, बूट कर. शनिवारी माझ्यासमोर चालव. फरक दिसला तर टेबल तुझं. नाही दिसला तर नमस्कार."

"मग आण की! तुमच्याकडे काय पायांचा तुटवडा आहे?"

तो माझ्या बुटाकडे बघत होता. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, हा सबंध पूलभर मागे का चालत होता ते.

माझे बूट बाजारातला म्हातारा चांभार करतो, तीस वर्षं. मी स्टुलावर बसते, पायावर रुमाल टाकते, तो रुमालाखालूनच अंदाज घेतो बिचारा. उघड्या पायाने मी उभी राहते ती फक्त देवापुढे, सकाळी, दार लावून. नवऱ्यानेही तो पाय उजेडात पाहिलेला नाही. भावाने तर नाहीच.

"तू डाव्या कुशीवर पडल्यासारखी चालतेस," तो हळूच म्हणाला. "तळ अर्धं बोट कमी आहे. कंबर त्याचीच दुखते. मला लहानपणापासून वाटायचं, तुझी चालच तशी आहे."

"माझ्या कंबरेचं मी बघेन," मी म्हटलं. आवाज चढलाच. "आणि तिथे त्या सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोर नाही. सकाळी सातला कुणी नसतं. मी दार लावून घेईन."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी बूट घालूनच चालायचं. पाय कुणी बघणार नाही, मी सोडून."

तो पुढे आला, आणि बस बंद पडल्यापासून पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, उद्या ये. रुमाल नको आणूस. कागदावर दोन्ही पायांवर उभी राहा, मी पेन्सिल फिरवेपर्यंत. बसायचं मात्र नाही."