वन्संचा ठेका

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ माणूस चाक धरून घाम गाळत असतो आणि या शेजारी बसून खुशाल खिडकीबाहेर बघतात. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, पण तो त्या सहसा दाबत नाहीत. "सारखा दाबला की माणूस गाडीऐवजी माझ्यावर विसंबायला शिकतो," म्हणतात. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं. "शेजारच्या सीटवर बसलेला प्रत्येक माणूस मला शिकाऊच वाटतो."

अशा या बाई रविवारी सकाळी माणसं नाचवतात. फर्निचरच्या दुकानावर एक लाकडी जमिनीचा हॉल आहे, तिथे वीसेक जण जमतात. चपला बाहेर, बोलणं बंद, दुसऱ्याकडे बघायचं नाही. पावलं कुणी शिकवत नाही, अंगाला सुचेल तसं हलायचं. कुणी डोळे मिटून झुलतं, कुणी वासरासारखं उधळतं, आणि शेवटी सगळे जमिनीवर आडवे होऊन शांत पडतात. देव ज्याचा त्याने बरोबर आणायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडावर हात दाबून हसत होते. मग कधीतरी मीही हलायला लागले आणि घरी येताना उगाच रडले. तेव्हापासून चेष्टा फक्त वन्संची करते, नाचाची नाही.

तिथलं सगळं संगीत वन्सं निवडतात. गाणी नाहीत. "शब्द आले की माणसं ऐकत बसतात, पाय विसरतात." नुसती वाद्यं, आणि त्यांची मांडणी गाडीच्या गिअरसारखी. पहिल्यात ठेका नाही, नुसता वारा आणि बासरीचा लांब सूर. दुसऱ्यात हळूच ठेका शिरतो, तिसऱ्यात अंग मोकळं होतं, चौथ्यात ढोल. मग एकेक गिअर उतरवत शेवटी शांतता. हे सगळं पारखलं जातं माझ्या इस्त्रीवर. मी कपड्यांना इस्त्री करत असते, वन्सं एकामागून एक तुकडे लावतात आणि माझ्या हाताकडे बघतात. इस्त्री आपोआप ठेक्यात फिरायला लागली की त्या तुकड्याला दुसरा गिअर मिळतो. चुकून शर्ट जळला की चौथा.

आमचे हे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हाताचं एकवेळ ठीक होतं, पण मग पायांनी दगा दिला. चालता चालता दारात आले की पाय जागच्या जागी थांबत, जमिनीला टाका घालून ठेवल्यासारखे. ढकलून उपयोग नाही, ओरडून त्याहून नाही. शिलाई मशीनवर बसले की पाय मात्र पायट्यावर पूर्वीसारखे चालायचे. एकदा भर रस्त्यात असे अडकले, मागून चार लोक बोलले, आणि ह्यांनी बाहेर पडणंच बंद केलं. दिवसभर दुकानातल्या खुर्चीवर. ज्या माणसाने गावभर फिरून गिऱ्हाईकं जोडली, तो खिडकीतून लोकांचे बूट बघत बसायचा. मला ते बघवत नव्हतं.

वन्सं म्हणाल्या, "रविवारी दादाला घेऊन या. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही."

नेलं. कसं नेलं ते माझं मला ठाऊक. हॉलच्या दारात आले आणि पाय अडकले. आत वन्संचा वारा वाहत होता, बासरी लांबत होती. लोक येत होते, अंग चोरून बाजूने आत जात होते आणि नियमाप्रमाणे कुणी बघत नव्हतं. ते न बघणंच ह्यांना झोंबलं. ठेका सुरू व्हायच्या आतच म्हणाले, "घरी चल. मी काय कोट अडकवायची खुंटी आहे?" माझ्या खांद्यावर हात ठेवून कसेबसे वळले. घरी आल्यावर थेट दुकानातल्या खुर्चीवर. संध्याकाळी एकच वाक्य बोलले, "पुन्हा मला कुठे नेऊ नका."

मी वन्संवर भडकले. "सगळ्या जगाचं भलं करायचा ठेका घेतलाय का तुम्ही?"

दुसरी कुणी खजील झाली असती. आमच्या वन्सं पडल्या तरी नाक वर. "घेतलाय," म्हणाल्या. मग दुकानातून मशीनची खटखट ऐकू आली. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. "वहिनी, तुम्ही बोललात ते बरोबर आहे. ठेकाच. दादाचा पाय ठेक्यावर चालतो आणि मी त्याला वाऱ्यात उभा केला."

थोड्या वेळाने मशीन थांबलं, तसा त्यांनी ढोलाचा एक तुकडा लावला. पाणी प्यायला निघालेले हे नेमके स्वयंपाकघराच्या दारात अडकले होते. दोन ठोके गेले, आणि पाऊल सुटलं. माठापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले. आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत राहिलो, जणू काही पाहिलंच नाही.

वन्संनी आठवडाभर आपली मांडणी उलटीपालटी केली. ढोल पहिला. रविवारी हॉलचं कुलूप उघडणाऱ्या एक नर्सबाई नाचायला यायच्या, त्यांना पटेना. "अहो, आधी मन शांत व्हायला नको का?"

"चढावर उभी असलेली गाडी शांतपणे सोडली तर मागे येते," वन्सं म्हणाल्या. "आधी जोर लावायचा. शांत नंतर होऊ."

पण ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते यायला तयार नव्हते आणि वन्संनी एकदाही विचारलं नाही. रोज संध्याकाळी दुकानात येऊन नुसतं वाजवायच्या. एके दिवशी ह्यांनी मशीन थांबवलं. "हे काय वाजवतेस? जोड दिसतोय."

"कसला जोड?"

"ढोल संपून ते तारांचं सुरू होतं तिथे. दोन कापडं जोडताना रेघेला रेघ जुळवायची असते, हे तुला लहानपणी शिकवलं होतं. अजून तशीच आहेस. अर्धा टाका आधी घे."

वन्संनी अर्धा टाका आधी घेतला. जोड नाहीसा झाला. मग रोजचं सुरू झालं, हे खुर्चीतून खेकसायचे, "इथे ताणलंय, इथे चूण पडलीय," आणि वन्सं उसवून पुन्हा शिवायच्या. इतक्या महिन्यांनी ह्यांचा आवाज घरभर ऐकू येत होता. मला शिव्याही गोड लागल्या असत्या. शनिवारी स्वतःच म्हणाले, "मोठ्या हॉलमध्ये जोड कसा ऐकू येतो ते बघायला हवं. इथे काय कळतंय?"

मी त्यांचा शर्ट इस्त्रीला घेतला. पण मनात पक्कं होतं, या वेळी लोकांसमोर अडकले तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही.

रविवारी वन्संनी ढोल लावला. हे दारात आले, थांबले, आणि तिसऱ्या ठोक्याला आत. नाच म्हणावा असा नव्हताच तो. परीक्षकासारखे हॉलभर चालत होते, मान तिरकी, कान जोडांकडे. पण चालत होते. मग खांदेही हलायला लागले. थरथरणारा हात त्या सगळ्या हलणाऱ्या हातांत वेगळा ओळखू येईना. मी त्यांच्याबरोबर नाचले. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं प्रथमच.

आणि मग गिअर उतरले. ढोल गेला, तारा गेल्या, शांतता आली. सगळे आडवे झाले, डोळे मिटले. हॉलच्या मधोमध हे एकटे उभे, पाय अडकलेले.

सगळा वेळ सुरुवातीवर खर्च झाला होता. शेवटाचा विचार वन्संनी केला नव्हता, ह्यांनी नाही, मीही नाही. आता ही माणसं उठतील आणि डोळे उघडताच पहिलं हेच दिसेल. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचं बोट ढोल पुन्हा लावायच्या बटणावर होतं. मी मान हलवून खुणावलं, दाबा! त्यांचे डोळे भरले होते, पण बोट हललं नाही. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला.

तेवढ्यात बारीक आवाज आला. खट. खट. ह्यांची जीभ टाळूवर वाजत होती. खटखट, खटखट, आमच्या जुन्या मशीनच्या चालीत. उजवं पाऊल सुटलं, मग डावं. आडव्या पडलेल्या माणसांमधून वाट काढत, कुणाचा हात न तुडवता, हे थेट वन्संपर्यंत गेले. नियम मोडून, चांगलं मोठ्याने म्हणाले, "शेवट उसवलाय तुझा. पुढच्या रविवारी मी लवकर येतो, नीट करू."

कुणीतरी डोळे उघडले. कुणीतरी हसलं. मी भिंतीला टेकून रडत होते. हे चपला शोधायला जिन्याकडे निघालेसुद्धा होते.

वन्सं माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वहिनी, ठेका सुटला बरं का माझ्याकडून. आता दादाचा."