यंत्र ठेवलेलं घर

इकडच्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात परभणीकडच्या पालमजवळ एका गावात आम्ही भूकंपमापक बसवला होता. दूरदेशी मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून इथवर येतात. तापलेल्या खडकातून येताना रेंगाळतात. उत्तरेला नर्मदेकडे जमीन कधीकाळी फाटून खचली. तिच्याखाली फार खोलवर अजून किती ताप आहे, ते या उशिरावरून काढायचं. त्यासाठी तिथपासून इथपर्यंत यंत्रांची ओळ मांडली होती.

यंत्राला शांतता लागते, म्हणून गावाच्या टोकाचं रिकामं घर निवडलं. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. रिकामं का होतं ते उघडच आहे. पुन्हा हादरलं तर माळवद अंगावर येईल, या धास्तीनं सगळं गाव घरं सोडून शेतात पत्र्याच्या आडोशाला राहत होतं.

पुढच्या खेपेला यंत्रातला नोंदीचा कागद बदलायला गेलो, तर यंत्राशेजारच्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी आणि वर बाळंतीण! घरमालकिणीनं लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणलेलं.

"मावशी, इथं कशाला आणलं हिला?" मी ओरडलोच.

"का बरं? मशीन लय म्हागाचं हाय म्हणताव. मंग सरकार ते पडायच्या घरात ठेवील व्हय?"

मी कपाळाला हात लावला. हे यंत्र नुसतं लांबचं ऐकतं, इथं कधी हादरेल ते त्याला कळत नाही, हे परोपरीनं सांगितलं.

"मंग तुमाला तर कळत असंल?"

"कुणालाच कळत नाही, मावशी."

"भाईर हिवानं लेकराची छाती वाजायलीय. कुठं ठेवू, ते तरी सांगा."

खरंच वाजत होती. परभणीच्या दवाखान्यात सोडतो म्हणालो.

"आज सोडताल. तिथून आणल्यावर कुठं ठेवू?"

नर्मदेखालचा ताप काढायला निघालेला मी शहाणा! एका तान्ह्याला ऊब कुठं द्यावी, ते मला सांगता येईना. स्वतःचा भयंकर राग आला.

"तुमी कुठं झोपताव?" तिनं विचारलं.

"जीपमध्ये. बाहेर."

तिची नजर वर माळवदाकडं गेली. तिनं शेगडी उचलली. लेकीनं पोर गोधडीत गुंडाळलं. उंबऱ्यात थांबून दोघींनी माझ्याकडं पाहिलं. जा म्हणू की थांबा म्हणू? वारा सुटला होता, आणि त्या दोघी पोराला घेऊन शेताकडं चालू लागल्या.