शेवंती डेबेन नदीत शिरते

लंडनजवळच्या पिनरच्या नंदाताई कानिटकरांना पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचं बालपण गेलं इस्लामपूरला. पाणी म्हणजे विहिरीचं, आणि विहिरीत वाकून बघायचं नाही अशी आईची सक्त ताकीद. त्र्याऐंशी साली लग्न होऊन त्या हॅरोला आल्या, इथेच मिडवाइफचं शिक्षण घेतलं आणि एकोणतीस वर्षं बाळंतपणं केली. यजमान विनय कानिटकर भूलतज्ज्ञ. सगळ्या गोतावळ्यात त्यांना 'डॉक्टर' म्हणत. नंदाताई 'अहो' म्हणत.

पन्नाशीत डॉक्टरांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं. त्यांनी एक जुनी, अठ्ठावीस फुटी बोट घेतली, तिचं नाव शेवंती ठेवलं आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, इप्सविचजवळ ऑर्वेल नदीत ती नांगरून ठेवली. तिथल्या बोट-क्लबातल्या इंग्रज मित्रांच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून ते तिला 'शेवी' म्हणू लागले. नंदाताई जायच्या त्या निम्म्या कौतुकापोटी, निम्म्या काळजीपोटी. त्यांची जागा खालच्या छोट्या केबिनमध्ये. हलत्या शेगडीवर चहा करायचा, धपाटे गरम करायचे आणि कप वर द्यायचे. अठरा वर्षांत सुकाणू त्यांच्या हाती आलं ते फक्त "जरा धर गं, शिडाचं बघतो" एवढ्यापुरतं.

मग दोन वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका सकाळी, टोस्टला लोणी लावता लावता डॉक्टरांच्या हातातली सुरी गळून पडली. स्ट्रोक. उजवा हात गेला आणि बोलणं विस्कटलं. समजत सगळं होतं, पण शब्द भलतेच यायचे. मीठ हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. चालणं हळूहळू जमलं. बोलण्याचं म्हणाल तर स्पीच थेरपिस्ट दर मंगळवारी येऊन धीर देऊन जाई.

"आई, ती बोट विकून टाक ना," ईलिंगहून साकेतचा फोन आला. मुलगा इथेच जन्मलेला, मराठी प्रेमाने बोलायचा पण लिंगं त्याला कधी सापडली नाहीत. "तो जुना झालाय. बाबा पडला तर तू एकटी काय करणार? इट्स टू मच."

नंदाताईंना पटलं. नोव्हेंबरमध्ये त्या डॉक्टरांना घेऊन जाहिरातीसाठी फोटो काढायला गेल्या. शेवंती तेव्हा बोटींच्या यार्डात जमिनीवर, टेकूंवर उभी होती. डॉक्टर शिडी चढून वर कसे गेले हे त्यांनाच ठाऊक. नंदाताई फोटो काढून मागे वळल्या तर डॉक्टर सुकाणूपाशी बसलेले, डावा हात त्याच्या दांड्यावर, नजर समोर. समोर काय होतं? एक पत्र्याची शेड आणि कुणाची तरी व्हॅन. पण ते तासभर असे बघत होते, की नंदाताईंनी फोन पर्समध्ये ठेवून दिला.

त्या हिवाळ्यात त्यांनी बोट चालवण्याच्या थिअरीचा संध्याकाळचा क्लास लावला. साकेतला सांगितलं, योगाला जाते. भरती-ओहोटीची गणितं, नकाशावरच्या रेषा, रेडिओवर काय बोलायचं. वर्गात सगळे नातवंडांच्या वयाचे. मे महिन्यात पाच दिवस प्रत्यक्ष बोटीवर जाऊन आल्या. पहिले दोन दिवस ओकाऱ्यांत गेले, पण शेवटी सर्टिफिकेट मिळालं. ते त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि काहीतरी बोलले. शब्द कळला नाही, पण डोळे भरलेले दिसले.

क्लबाची जूनची सफर ठरली. चार बोटी ऑर्वेलमधून निघून वुडब्रिजला जायच्या, तिथून ऑर्फर्डला. दोन्ही जुनी बंदरं. पुढारीण पॉलीन, वय एकाहत्तर, जन्मभर लॉरी चालवलेली बाई. "नंदा, माझ्या मागे मागे ये," ती म्हणाली. "माझं शेपूट सोडू नकोस म्हणजे झालं."

पण शेवंती हळू चालते. फेलिक्सस्टोच्या बंदरातले अजस्र पिवळे-निळे कंटेनर मागे पडेपर्यंत पॉलीन मैलभर पुढे गेली होती. डेबेन नदीचं तोंड दिसू लागलं आणि नेमकी पावसाची सर आली. पुढची तिन्ही शिडं दिसेनाशी झाली.

डेबेनच्या तोंडाशी समुद्राने गोट्यांचा एक बुडता उंबरठा घातलेला आहे. भरतीच्या वेळी त्याच्या एका अरुंद वाटेने आत जावं लागतं, आणि ती वाट दर हिवाळ्यात सरकते. नंदाताईंनी या वर्षीचा नवा नकाशा समोर चिकटवला होता. त्याप्रमाणे डावीकडे किनाऱ्याच्या पार जवळून जायचं होतं. शेजारी बसलेल्या डॉक्टरांच्या मनातली वाट मात्र जुनी होती, उजवीकडून जाणारी. नंदाताईंनी बोट डावीकडे वळवली तसे ते उठून उभे राहिले.

"नाही! नाही! इकडे... भाकरी... इकडे!" ते ओरडले आणि डाव्या हाताने त्यांनी सुकाणूचा दांडा धरून ओढला.

बोट गर्रकन फिरली. भरतीचा लोंढा मागून ढकलत होता. उजवीकडे, हाकेच्या अंतरावर, पाणी पांढरं होऊन फुटत होतं. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर चार मीटरचे तीन झाले, तिनाचे दोन. शेवंतीला तरंगायला एक मीटर लागतं.

"विनय, हात काढ!" नंदाताई कडाडल्या. "खाली बस! आत्ताच्या आत्ता!"

चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. एकेरी तर नाहीच नाही. डॉक्टरांचा हात आपोआप सुटला आणि ते मटकन खाली बसले. नंदाताईंनी दांडा पूर्ण लोटला, इंजिनाचा जोर वाढवला. एक पूर्ण मिनिट बोट जागची हललीच नाही असं वाटलं. मग आकडा चढू लागला. अडीच. साडेतीन. किनाऱ्यावरचे दोन जुने गोल बुरूज डाव्या हाताला सरकत गेले आणि अचानक पाणी गुळगुळीत झालं. दोघं नदीत आली होती.

पुढचे नऊ मैल डॉक्टर पाठ फिरवून बसले. वुडब्रिजची पांढरी, लाकडी, भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी दिसली तरी मान वळली नाही. धक्क्यावर पॉलीनने दोरी झेलली, नंदाताईंना मिठी मारली, "आत आलीस गं बाई!" म्हणाली, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहून शहाणपणाने निघून गेली.

नंदाताई नवऱ्याशेजारी बसल्या.

"अहो, रागावलात?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "मी... चुकलो."

"वाट सरकली हो. तुम्हाला कसं कळणार?"

"नाही." त्यांनी लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलून दाखवला. "आता मी... सामान."

हा शब्द चुकून आलेला नव्हता. हवा तोच, अगदी नेमका आला होता. 'असं बोलू नका' हे ओठांवर आलेलं त्यांनी मागे घेतलं. मिडवाइफ म्हणून त्यांनी पाहिलं होतं, नुसत्या समजुतीने कुणाचंच भागत नाही.

"मला एकाच वेळी पाणी, नकाशा आणि तो आकडा बघता येत नाही," त्या म्हणाल्या. "मघाशी आकड्याकडे बघत राहिले आणि वळायला उशीर केला. परवा ऑर्फर्डच्या नदीचं तोंड याहून वाईट आहे. खोली कोण सांगणार मला?"

"बोलता... येत नाही."

"बोटं आहेत ना?"

डॉक्टरांनी डावा पंजा उघडून पाहिला. मग ओठांचा एक कोपरा वर गेला, जो अजून जात होता तो. "विनय म्हणालीस," ते स्पष्ट म्हणाले.

"म्हणाले खरी. तोंडातून निघून गेलं."

"पुन्हा म्हण."

"इश्श! लोक आहेत," नंदाताई म्हणाल्या, आणि दोघंही इतकी हसली की शेजारच्या बोटीवरून कुणीतरी डोकावलं.

तिसऱ्या दिवशी ऑर्फर्डच्या तोंडाशी वारा होता आणि गोट्यांवर पाणी आपटत होतं. डॉक्टर यंत्रासमोर बसले, डावा हात उंच धरून. पाच बोटं. चार. तीन. नंदाताईंनी एकदाही खाली पाहिलं नाही. दोन बोटं झाली तेव्हा त्यांनी श्वास रोखला. मग तिसरं बोट उघडलं, चौथं, आणि डॉक्टरांनी पंजा पसरून वाऱ्यात हलवला. या खेपेला मागून येणाऱ्या पॉलीनने भोंगा वाजवला.

संध्याकाळी साकेत गाडी घेऊन ऑर्फर्डच्या धक्क्यावर आला. पॉलीनने क्लबाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता आणि तो कुठून तरी त्याच्यापर्यंत पोचला होता. धक्क्यावर चारही बोटींची माणसं धुरी दिलेले मासे आणि पाव घेऊन बसली होती, आणि डॉक्टर एका म्हाताऱ्या इंग्रजाला हातवाऱ्यांनी खोलीचा किस्सा सांगत होते.

"आई, हा काय योगा आहे?" साकेतने विचारलं. आवाज चिडका आणायचा होता, आला नाही.

"आधी खाऊन घे," नंदाताई म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊला भरती आहे. नदीतून वर ऑल्डबरा गावाकडे चक्कर मारू. येणार असलास तर रबरी तळाचे बूट घाल, नाहीतर घसरशील."

साकेतने बापाकडे पाहिलं. बाप मासा खात होता. मग साकेत खाली बसला आणि बुटांचा तळ उलटून बघू लागला.