लाकडी किल्ल्याच्या बाई

आमच्या मिरजगावच्या शाळेत बाई इतिहास इतक्या मोठ्यानं शिकवत की शेजारच्या वर्गाचाही तो फुकटात होऊन जाई. दोन दगड एकावर एक दिसले की त्यांना तिथं किल्ला दिसायचा.

निवृत्तीनंतर त्या अमेरिकेला मुलाकडे जाऊन आल्या. उंच इमारतींचे फोटो बघायला आम्ही जुने विद्यार्थी जमलो, तर मोबाईलवर निघालं उभ्या ओंडक्यांचं कुंपण.

"बाई, हा तर शेळ्यांचा वाडा हाय," आमचा टेम्पोवाला दत्ता म्हणाला.

"गप रे! गोऱ्यांच्या फौजेचं सरहद्दीवरचं जुनं ठाणं आहे ते. शिपाई तापानं बेजार. लढाईपेक्षा लाकडंच जास्त फोडली त्यांनी."

मग बाईंचा आवाज खाली आला. दरवाज्याबाहेर नुसतं गवत बघून त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या गाईडला विचारलं होतं, इथं आधी काय होतं? तो घुटमळला. म्हणाला, इथल्या मूळ लोकांचं गाव होतं, मक्याची शेतं होती. फौजेनं ती जाळली आणि लोकांना हुसकावून लावलं.

"उभं पीक जाळलं व्हय?" दत्ताचं हसू मावळलं.

"आणि ठाण्याबाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय, तर इथे जंगल होतं!"

पाटी बदला म्हणून त्या मुक्कामात बाई दर रविवारी गाईडकडे जाऊन बसायच्या. मुलगा वैतागला, "आई, आपण पाहुणे आहोत इथे." बाई म्हणाल्या, "म्हणूनच मी विचारते. घरच्यांच्या नजरेला सवय झालेली असते."

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा गेल्या, कारण गाईडनंच बोलावलं होतं. पाटी बदलली होती. त्या मूळ लोकांचे वंशज लांबून आले होते आणि दरवाज्याबाहेर मका पेरणार होते. बाईंचा आवाज मोबाईलवर आला, "अरे, मी पदर खोचून पुढे झाले, तर त्यांच्यातल्या आजींनी हात धरून मागे केलं. आधी आम्ही, मग तुम्ही, म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं! शेवटची ओळ पेरायला मला दिली."

श्रावणात बाई तिकडेच वारल्या. झोपेतच.

दिवाळीच्या तोंडावर मुलानं फोटो पाठवला. लाकडी भिंतीसमोर पुरुषभर मका उभा होता. दत्तानं तो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"कणसं चांगली भरलीत," तो म्हणाला. "बाईंना कळायला पायजे हुतं."