चार दिवसांचा खंड

सोमवारी आमच्या दवाखान्यात क्षयाच्या पेशंटांची रांग असते. खिडकीच्या आत मी, बाहेर ते. सहा आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सायली गावातल्या एका सुताच्या कारखान्यातला कामगार त्या रांगेत उभा होता. त्याचा नंबर आल्यावर मी कार्ड मागायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "कार्ड नाही साहेब. सुकलाल गेला. काल, सुरतेच्या दवाखान्यात." एवढं सांगायला तो बिचारा पाऊण तास रांगेत ताटकळला होता. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि पुढच्या पेशंटचं कार्ड घेतलं. दुसरं काय करणार होतो... रांग थांबत नाही.

सुकलाल हे त्याचं खरं नाव नाही, त्याच्या बायकोचं, वहिनींचंही मी बदललं आहे. कारण पुढे येईलच. आमची ओळख गेल्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातली, सिल्वासात कारखाने नुकते उभे राहू लागले होते तेव्हाची. तो शिरपूरकडचा, मी दापोलीचा. सामरवरणीत दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. माझे सुके बोंबील तव्यावर पडले की हा आपलं ताट उचलून ओट्यावर जाऊन बसायचा, आणि त्याच्या शेवभाजीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं की गालातल्या गालात हसायचा. कारखान्यात गुजराती सुपरवायझरशी गुजराती, बिहारी पोरांशी हिंदी, माझ्याशी त्याच्या मते शुद्ध मराठी आणि राग आला की अहिराणी. मी दवाखान्यात गोळ्या वाटणारा साधा माणूस, पण सुकलाल चारचौघांत मला डॉक्टर म्हणायचा. सुरुवातीला ती थट्टा होती. नंतर नंतर त्याला ते खरंच वाटू लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. त्याचं लग्न झालं, वत्सलावहिनी आल्या, मी सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो. तरी रविवारचं जेवण त्यांच्याकडेच असे.

आमच्या कामाचा नियम पूर्वी अगदी सोपा होता. गोळी नेमाने घेतली तर माणूस बरा, सोडली तर गेला. पेशंट दगावला की मी आधी गोळ्या किती चुकल्या ते बघायचो, आणि चुकलेल्या सापडायच्याच. गेल्या काही वर्षांत मात्र नेमाने गोळी घेणारेही जाऊ लागले. तरणीताठी माणसं, कारखान्यातली, ट्रकवरची. डॉक्टर आवाज खाली आणून त्यांचं रक्त बाहेर तपासायला पाठवायचे. आलेला कागद कपाटात जायचा. घरी कोणी काही सांगायचं नाही, आणि सांगून करायचं तरी काय, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

सुकलालला खोकला लागला तेव्हा माझ्या मनात तसलं काही आलं नाही. माझ्या दोस्ताला कसं असेल... त्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू निघाले, औषध सुरू झालं. आमच्याकडे दोन औषधं एकत्र केलेली एक स्वस्त गोळी देतात. त्यातलं एक थायासिटाझोन. घरी न्यायला महिन्याची पाकिटं देऊन आम्ही मोकळे होत असतो, पण याच्या बाबतीत मी रोज सकाळी सायकलने सामरवरणीला जायचो आणि माझ्यासमोर गोळी गिळायला लावायचो. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगाला खाज सुटली. छातीवर, पाठीवर लाल पुरळ. मी म्हटलं, औषध उष्ण आहे, उष्णता बाहेर पडतेय, सब्जा पी. त्याच सुमारास मला आईच्या आजारपणासाठी गावी जावं लागलं. परत आलो तर वहिनींनी चार दिवस गोळी बंद ठेवली होती. खाज उतरली होती, सुकलाल पोटभर जेवून खाटेवर बसला होता. वहिनी म्हणाल्या की त्या गोळीनेच अंग लाल होतंय, मी डोळ्यांनी बघितलंय. मी त्यांच्यावर भडकलो. अडाणीपणाने नवऱ्याचा जीव घ्याल, असं मी बोललो. ते शब्द माझेच आहेत. त्या पदर तोंडाशी धरून चुलीपुढे गेल्या. सुकलाल मात्र नेहमीसारखा हसला आणि म्हणाला, "तू सांगस तं मी लेस." आणि त्याने गोळीसाठी हात पुढे केला.

दोन दिवसांत अंग पेटल्यासारखं लाल झालं. तोंडात, ओठांवर फोड आले, मग कातडी सुटू लागली. कारखान्याच्या जीपमधून त्याला सुरतेला न्यायचं ठरलं. केळीच्या पानावर निजवून त्याला जीपमध्ये ठेवलं, कारण कापड अंगाला चिकटत होतं. बोलताना ओठांतून रक्त यायचं, तरी मला जवळ बोलावून तो म्हणाला, "आजनी गोळी राहिनी." आमची शेवटची भेट ती.

तो गेल्यानंतर आमच्या डॉक्टरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. सुरतेहून फोन आला होता. सुकलालच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. अशा माणसांना थायासिटाझोन सोसत नाही, अंगावर पुरळ दिसलं की त्याच दिवशी ते थांबवायचं आणि पुन्हा कधी द्यायचं नाही, असं आता डॉक्टरांच्या वाचनात येऊ लागलंय, म्हणाले. मी विचारलं, दुसरं औषध दिलं असतं तर? ते म्हणाले, क्षय कदाचित बरा झाला असता, पण उद्या दुसरं काही उपटलं असतं आणि मूळ दुखण्यावर आपल्यापाशी काहीच नाही.

गेल्या आठवड्यात वत्सलावहिनी खोली रिकामी करायला आल्या होत्या. त्यांचा भाऊ बाहेर टेम्पोत सामान भरत होता. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, सरकारी वस्तू आहे, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "भाऊ, मी चार दिन गोळी बंद करी, म्हनीसन गयात का त्या?" नवरा त्यामुळेच गेला का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मी सगळं सांगितलं. रक्ताचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, तुमचंही रक्त तपासून घ्या म्हणून हात जोडले. तुम्ही थांबवलं ते बरोबर होतं, मी चुकलो, हेही सांगितलं. त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत घालतोय. म्हणाल्या, तुम्ही कशाला चुकाल, तुम्ही शिकलेली माणसं. डोळे पुसून त्या टेम्पोत बसल्या. रक्त तपासणार की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

सुकलालचं उपचाराचं कार्ड माझ्या टेबलावर आहे. या महिन्यात ते वर पाठवायचं आहे. शेवटच्या चौकोनात 'मृत्यू' लिहून झालंय. शेऱ्याच्या रकान्यात, ज्या दिवशी मी वहिनींवर भडकलो त्या दिवशीचं, माझ्याच अक्षरातलं एक वाक्य आहे: 'पत्नीच्या अज्ञानामुळे उपचारात चार दिवसांचा खंड.' कार्डावर खाडाखोड चालत नाही. जो कोणी ते वाचेल, तो मी आजवर बघत आलो तसंच बघेल आणि त्याला चुकलेल्या गोळ्या सापडतील. म्हणून हे इथे लिहितो आहे. त्या चार दिवसांत सुकलालची खाज उतरली होती, तो पोटभर जेवला होता. बाकीचे सगळे दिवस माझे होते.