पहिल्या रसाचा वास

निघायच्या दिवशी पप्पांनी माझ्या नव्या बॅगेची चेन उघडली, आत नाक घातलं आणि म्हणाले, "रेक्झिनचा वास आहे. जाईल थोड्या दिवसांत." खाली गाडीवाला हॉर्न देत होता, आई घरच्या मसाल्याच्या पुडीला आणखी एक पिशवी चढवत होती, ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक जिन्यात उभे होते, आणि हा माणूस बॅगेचा वास घेत होता.

आम्हाला त्यात नवल नव्हतं. पप्पा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्लांट ऑपरेटर होते. वारा फिरला की खिडकीत उभं राहून ते सांगायचे, आज कोणत्या बाजूला काय शिजतंय. मी शाळेत असतानाच त्यांनी मला शिकवलेलं: बाटलीला नाक लावायचं नाही. बाटली लांब धरायची आणि तिच्या तोंडावरून हाताने हवा आपल्याकडे ओढायची. मी भाजीवालीच्या टोपलीतल्या कोथिंबिरीवरूनही तसाच हात फिरवायचे आणि आई कपाळावर हात मारायची.

गाडी सुटता सुटता पप्पा खिडकीशी वाकले. "काम नीट कर. पण त्या वासाचं मला काही सांगू नकोस."

तो वास म्हणजे बिअरचा. मायक्रोबायोलॉजी शिकता शिकता मी यीस्टच्या नादाला लागले, आणि इंग्लंडमध्ये बिअर बनवण्याचं शास्त्र शिकायला मला स्कॉलरशिप मिळाली. आमच्या घरात रोज सकाळी त्रिसरण-पंचशील होतं, आणि त्यातलं पाचवं शील दारूबद्दलचं आहे. पप्पा आठवडाभर गप्प होते. शेवटी "जा" म्हणाले, ते मुलीची हुशारी वाया जाऊ नये म्हणून. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझे आजोबा प्यायचे गं. ह्यांच्या डोक्यातून ते गेलेलं नाही." आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते. पप्पा त्यांना दादा म्हणायचे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं, टोपी घातलेले, कॅमेऱ्याकडे दचकून बघणारे.

तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ठाऊक आहे, पहिली दोन वर्षं आपण घरी फक्त जेवणाचं आणि थंडीचं बोलतो. मी तर तेवढंच बोलत होते. शिक्षण संपलं, तिथल्याच एका जुन्या ब्रुअरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि मी फोनवर पप्पांना बर्फाबद्दल सांगत राहिले. माझ्या दिवसातला सगळ्यात मजेचा भाग मात्र मला सांगता येत नव्हता.

तो भाग सकाळी अकराला असायचा. जेवणाआधी, जीभ ताजी असताना, आम्ही चारपाच जण एका पांढऱ्या खोलीत बसून बिअर चाखायचो. मार्गारेट नावाची पिकल्या केसांची बाई आमची प्रमुख. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे थुंकायला कप मागितला. मनात होतं, चव तर घेईन पण घशाखाली उतरू देणार नाही, म्हणजे शीलही शाबूत आणि नोकरीही. मार्गारेट हसली नाही. म्हणाली, वाइनवाले थुंकतात, आपल्याला ते परवडत नाही, कारण बिअरचा कडूपणा गिळल्यावर जिभेच्या पार मागे कळतो.

मी ग्लास हातात घेऊन बराच वेळ बसले. पाचव्या शीलाचे शब्द मनात म्हटले. त्यात नशेबरोबर 'प्रमाद' हा शब्द येतो. पप्पा त्याचा अर्थ सांगायचे, बेसावध होणं. मग मी घोट घेतला, गिळला, आणि जिभेवर काय काय उमटतंय ते शोधत राहिले. एवढी सावध मी आयुष्यात क्वचितच झाले असेन. हा माझा स्वतःपुरता काढलेला अर्थ आहे. तो कुणाला पटवायला मी निघालेले नाही.

त्या हिवाळ्यात बार्लीवाइन आली. नावात वाइन असली तरी द्राक्षाचा पत्ता नाही, ही सातूचीच बिअर, पण साध्या बिअरच्या दुप्पट कडक. दळलेला सातू गरम पाण्यात मुरवला की आधी घट्ट, गोड रस निघतो. तो तेवढाच ह्या बिअरला घेतात. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पातळ रस काढतात, त्याची हलकी बिअर होते. आमच्याकडे नारळाचं पहिलं दूध आणि दुसरं दूध काढतात, तसंच. मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, ती मुरत ठेवायची. फ्रीजमधून काढून गटागटा प्यायची ही चीजच नव्हे. छोट्या, दांडीच्या ग्लासात ओतायची, तळव्याने ग्लास जरा उबदार करायचा आणि थांबायचं.

रंग शिसवी लाकडासारखा. इतर लोक भराभर बोलायला लागले: टॉफी, कॅरमल, ख्रिसमस केक. माझी गाडी अडली. मी लहानपणी ख्रिसमस केक कुठे खाल्लाय? मी डोळे मिटले, पप्पांनी शिकवल्यासारखी हाताने हवा ओढली, आणि मला स्पष्ट दिसलं की आई पातेल्याच्या बुडाची काकवी खरवडतेय. मागोमाग भिजवलेली खारीक. मग भाकरीचा किंचित करपलेला पापुद्रा. घोट घेतल्यावर गोडवा जिभेवर पसरला, कडूपणाने त्याला वेळेवर आवरलं, आणि छातीत सावकाश ऊब उतरली. मी "काकवी" म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मार्गारेट म्हणाली, "ते काय असतं?" आईने पुढच्या पार्सलमध्ये काकवीची बाटली पाठवली. आता त्या पांढऱ्या खोलीतले गोरे लोक बिनदिक्कत काकवी म्हणतात.

हे सगळं पप्पांना सांगायचं होतं. मला नाक त्यांनी दिलेलं, आणि त्या नाकाने मी काय करते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. वर्षं जात होती. ते रिटायर झाले, फोनवर हळू बोलायला लागले. हे असंच राहून जाईल याची मला धास्ती वाटायची.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर ठाकुर्लीला गेले तेव्हा रोहनचा फोन आला. हा माझा कॉलेजातला मित्र, डोंबिवलीचाच. त्याने माजिवड्याच्या पुढे एका गाळ्यात छोटी ब्रुअरी काढली आहे. त्याच्या पहिल्या बार्लीवाइनला वर्ष होत आलेलं, ती मी चाखावी असं त्याला वाटत होतं, आणि त्याच दिवशी तो दुसरी बनवायला घेणार होता. मी निघाले तर पप्पा चपला घालून दारात उभे. "माजिवड्यापर्यंत येतो. मला ठाण्यात काम आहे." ठाण्यात त्यांना कसलंही काम नव्हतं.

गाळ्याबाहेर त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि पेपर उघडून बसले. रोहन दोनदा म्हणाला, "काका, आत या ना." ते हलले नाहीत. थोड्या वेळाने आतल्या मोठ्या पातेल्यातून वाफ निघायला लागली, आणि दारात पप्पांचा आवाज आला.

"सातू भाजता काय रे तुम्ही?"

"शिजवतोय, काका."

ते आत आले. मग त्यांच्यातला प्लांट ऑपरेटर जागा झाला. टेम्परेचर किती ठेवता, पाणी कुठलं, हा व्हॉल्व्ह उलटा का बसवलाय. व्हॉल्व्ह सरळच होता. पहिला रस नळीतून यायला लागला तसा मी स्टीलच्या वाटीत थोडा घेतला.

"यात दारू आहे?" पप्पांनी विचारलं.

"नाही पप्पा. यीस्ट टाकल्यावर होते. आत्ता नुसता सातू आणि पाणी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, आणि रस प्याले. "उसाच्या रसाच्या तोंडात मारेल," म्हणाले. वाटी पुन्हा पुढे केली. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच नळीशी खुडबुड करत बसले.

मग रोहनने वर्षभर मुरलेली बार्लीवाइन दोन ग्लासांत ओतली, त्याला आणि मला. पप्पांनी माझा ग्लास उचलला. त्यांनी तो लांब धरला, वरून हात फिरवून हवा ओढली. पुन्हा ओढली.

"आम्ही कल्याणला चाळीत राहायचो," ते म्हणाले, "तेव्हा दादा कोपऱ्यावर असतानाच मला वास यायचा. मी आईला सांगायचो, आले. मग ती आम्हाला शेजारी पाठवायची. माझं नाक तिथे तयार झालं, प्रज्ञा. कारखान्यात नाही."

रोहन हळूच बाहेर गेला. पप्पांनी ग्लास पुन्हा नाकासमोरून नेला, जरा जवळून.

"सगळीकडे तोच वास असेल असं मला वाटलेलं. यात दादा नाहीयेत. यात काकवी आहे." ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला. "घे. तुझं काम कर."

मी काम केलं. काकवी होती, भाकरीचा पापुद्रा होता, शेवटी बोचरा कडूपणा जरा जास्त होता. मी मोठ्याने सांगत होते आणि ते मान डोलवत ऐकत होते. "खारीक नाही आली," मी म्हणाले. "ती उशिरा येते. हिला आणखी मुरावं लागेल."

"आणि मी प्यालो तो रस?"

"त्याची बार्लीवाइन व्हायला वर्ष. खारकेला त्याहून जास्त."

मी इंग्लंडला परत आल्यावर थोड्या दिवसांनी रोहनचा मेसेज आला: काका आलेले. मग पुन्हा: काका आलेले. ठाकुर्लीहून माजिवड्याला पप्पा त्यांच्या रसाची चौकशी करायला जातात. पीत नाहीत, लांबून हवा ओढतात, आणि संध्याकाळी मला फोन लावून रिपोर्ट देतात. सकाळचं पंचशील चुकलेलं नाही.

घर कुठे, असं इथे लोक विचारतात तेव्हा मी ठाकुर्ली म्हणते. पण बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे, आईपप्पा भाड्याने राहतात, आणि मी इथल्या पासपोर्टच्या विचारात आहे. दिवसभरात नाकाला जे कळलं ते कुणाला सांगायचं हे ठरलेलं असलं की मला घरी असल्यासारखं वाटतं. पूर्वी तेवढंच नव्हतं.

परवा सकाळी अकराला, मी पांढऱ्या खोलीत ग्लास हातात घेऊन बसलेली असताना फोन वाजला. मार्गारेटने डोळ्यांनीच परवानगी दिली. पलीकडून पप्पा, धाप लागलेले, मागे रोहन हसत होता.

"प्रज्ञा," ते म्हणाले, "खारीक आली."