एका श्वासातला आलेलुया

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. लाकडी कपाटांना पॉलिश करणं हा धंदा आणि चर्चमध्ये जुनं लॅटिन गाणं हा नाद. दोन्हींनी मिळून त्यांची छाती खाल्ली. "लाकूड घासताना तोंडाला फडकं बांधा हो," म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडले. पण फडकं बांधलं की गाता येत नाही ना! घासत राहायचे, गात राहायचे आणि भुसा आत ओढत राहायचे. आता डॉक्टर सांगतात, निम्म्याहून जास्त फुप्फुस गेलंय, गाणं बंद. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला!

लहानपणी जुन्या फादरांनी बारा मुलांना हे गाणं शिकवलं होतं. त्यांतले अकरा आता गेले. उरले एकटे भावोजी. सगळ्या गाण्यांत त्यांचा जीव एका आलेलुयावर. शब्द एकच, पण शेवटच्या 'या'वर सूर चढतो, वळतो, उतरतो, परत चढतो, संपतच नाही. जुन्या फादरांचा दंडक होता, हा 'या' एका श्वासात म्हणायचा, मध्ये तोडायचा नाही. भावोजींचा तो 'या' मी पंचवीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलाय. भाजी चिरता चिरता माझाच श्वास अडकायचा, यांचा नाही.

"वहिनी, माझ्या मागे हे कुणाला येणार?" असं त्यांनी विचारलं आणि ते मला लागलं. मी आमच्या लेकीला कामाला लावलं. तिने दमदाटी करून सात मैत्रिणी-मित्र गोळा केले. पहिल्याच दिवशी एकाने कीबोर्ड आणला आणि त्यावर ढिशुम-ढिशुम ठेका लावला. भावोजी हात जोडून म्हणाले, "बाबा, हे नाचायचं नाही." मग भावोजींनी जुन्या फादरांची सुरांची वही काढली, चार रेघांवर चौकोनी टिंबं. पोरांना काही म्हणजे काही वाचता येईना. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी लेक म्हणाली, "काका, तुम्ही फोनमध्ये म्हणून ठेवा. आम्ही ऐकून ऐकून बसवतो." भावोजींनी एका दुपारी दुकानात बसून सगळं म्हणून दिलं. चारच दिवसांनी त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं, तीन आठवडे.

पोरांनी मात्र कमाल केली हं. रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर जमायची. नव्या फादरांनी सांगितलं होतं, एका रविवारी गाऊ दे, लोकांना रुचलं तर दर महिन्याला ठेवू. भावोजी त्याच्या आदल्या दिवशी घरी आले. काठी टेकत मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, आले आणि मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसले.

पोरं उभी राहिली. काय आवाज लागला म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. भावोजींचे डोळे भरले. मग आलेलुया आला. 'या' वर चढला, वळला आणि तुटला. आठही जण एकदम थांबले, श्वास घेतला, पुढे गेले. परत थांबले. तिसऱ्यांदा तर आठही जणांनी आधी हलकेच घसा खाकरला, तोही अगदी एका तालात. भावोजींनी माझं मनगट घट्ट धरलं. फोनमध्ये म्हणताना जिथे जिथे त्यांना दम लागला होता, ती प्रत्येक जागा पोरांनी गाणं समजून पाठ केली होती.

मिस्सा संपल्यावर लोकांनी पोरांना घेरलं. फादर खूश. "दर महिन्याला," म्हणाले. लेक धावत आली. "काका, कसं झालं?"

"छान झालं गं. फक्त त्या 'या'वर थांबायचं नाही. एका श्वासात."

"एवढं सगळं एका श्वासात? कसं शक्य आहे, काका?"

"मी म्हणायचो."

"मग दाखवा ना!"

मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी सुरुवात केली होती. पोरं गोल करून उभी राहिली. सूर चढला, वळला, आणि तिथेच दम संपला. त्यांनी श्वास घेतला, पुढे गेले, परत अडकले, खाकरले. पोरांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. लेक हळूच म्हणाली, "बरोबरच आहे की! आपण तिथेच थांबलो." एक मुलगी म्हणाली, "असंच राहू द्या काका. तिथे थांबलं ना, की रडू येतं."

भावोजी माझ्याकडे पाहायला लागले. तो सबंध 'या' आता जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता आणि मला साधं अंगाईगीत धड म्हणता येत नाही.

"हो," ते पोरांना म्हणाले. "तिथेच थांबायचं."